ग्राँ प्री लेजंड्स: गाडी खरी निघाली आणि गेम आपटला

१९९८ साली पपायरस या अमेरिकी स्टुडिओने ‘ग्राँ प्री लेजंड्स’ नावाचा कार रेसिंगचा गेम बाजारात आणला. समीक्षकांनी तो डोक्यावर घेतला, गिऱ्हाइकांनी पाठ फिरवली. सगळ्या जगात मिळून त्याच्या दोन लाखांच्या आसपास प्रती खपल्या. त्याच काळातला प्लेस्टेशनवरचा ‘ग्रान टुरिस्मो’ एक कोटीच्या पुढे गेला, म्हणजे तुलनाच नको. असं असूनही, संगणकावर गाडी खऱ्या गाडीसारखीच वागली पाहिजे या ध्यासापायी पुढे जे काही घडलं, त्याचा माग काढत गेलं की वाट याच गेमपाशी येऊन पोचते.

गेम आपटला कारण तो फार अवघड होता, असं सर्रास सांगितलं जातं. ते खोटं नाही, पण त्यातून फारसं कळतही नाही. अवघड गेम पुष्कळ असतात आणि त्यातले कितीतरी धो धो खपतात. इथली अडचण मला वेगळी वाटते. गाडी कशी वागेल याचा हिशेब या गेमने त्या काळाच्या मानाने कमालीचा चोख मांडला होता, पण खऱ्या गाडीत बसलेल्या माणसाच्या अंगाला जे जाणवतं, त्यातलं फारच थोडं पडद्यावरून पोचत होतं. हे समजायला टायर कसा चालतो ते पाहावं लागेल. त्याआधी थोडं १९६७ बद्दल, कारण गेम त्या वर्षाच्या फॉर्म्युला वन हंगामावर बेतलेला आहे.

एकतीस वर्षं जुना हंगाम कशाला?

पपायरसची मंडळी नवखी नव्हती. डेव्हिड केमर आणि ओमर खुदारी यांनी १९८७ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये स्टुडिओ काढला आणि १९८९ मध्ये त्यांचा ‘इंडियानापोलिस ५००: द सिम्युलेशन’ आला. बाकीच्या रेसिंग गेममध्ये रस्ता डावी-उजवीकडे सरकत असे आणि गाडी मधोमध चिकटवल्यासारखी उभी असे, तेव्हा या गेममध्ये टायरमधली हवा किंवा पंखांचा कोन बदलला की गाडी वेगळी वागायची. पुढे ‘इंडिकार रेसिंग’ आणि १९९४ मध्ये ‘नॅसकार रेसिंग’ आले, चांगले चालले. १९९५ मध्ये सिएरा कंपनीने स्टुडिओ विकत घेतला. अशा लोकांनी चालू हंगामातल्या नामवंत ड्रायव्हरांचा गेम काढायचं सोडून १९६७ कडे का जावं?

उत्तर त्या वर्षीच्या गाड्यांमध्ये आहे. १९६६ मध्ये नियम बदलले आणि इंजिनाची मर्यादा दीड लिटरवरून तीन लिटरवर गेली. वर्षा-दोन वर्षांत ताकद जवळपास दुप्पट झाली. १९६७ च्या जूनमध्ये नेदरलँड्समधल्या झांडव्होर्टला लोटस ४९ ही गाडी पहिल्यांदा उतरली, तिच्यातल्या कॉसवर्थ इंजिनाची ताकद होती सुमारे ४०० अश्वशक्ती, आणि ड्रायव्हर जिम क्लार्कने तिच्यातून पहिलीच शर्यत जिंकून दाखवली. गाडीच्या किमान वजनाची मर्यादा होती ५०० किलो. एवढी ताकद, इतकं कमी वजन, आणि गाडीला जमिनीवर दाबून धरणारे पंख अजून आलेले नव्हते. ते आले १९६८ मध्ये.

पंख नसणं ही इथली सगळ्यात महत्त्वाची बाब. आजच्या फॉर्म्युला वन गाडीवरून हवा वाहते तेव्हा ती गाडीला खाली दाबते. वेग वाढला की दाब वाढतो, दाब वाढला की टायरची पकड वाढते. १९६७ च्या गाडीला असा कुणाचा आधार नव्हता. वेग कितीही वाढो, पकड जवळपास तेवढीच. त्यामुळे त्या वर्षीच्या छायाचित्रांत गाड्या वळणातून तिरक्या घसरत जाताना दिसतात, पुढची चाकं सरळ किंवा थोडी उलट्या बाजूला वळलेली. ड्रायव्हर स्टिअरिंगइतकंच अ‍ॅक्सिलरेटरने गाडी वळवत असे. ज्याला टायरचं विज्ञान संगणकात उतरवायचं आहे त्याच्यासाठी याहून चांगली गाडी नाही, कारण टायर जे करतो ते झाकायला मध्ये काहीच येत नाही.

रस्तेही तसेच होते. गेममध्ये ११ सर्किट आहेत: क्यालामी, मोनॅको, झांडव्होर्ट, स्पा, रुआँ, सिल्व्हरस्टोन, न्यूरबर्गरिंग, मॉस्पोर्ट, मोंझा, वॉटकिन्स ग्लेन आणि मेक्सिको सिटी. त्या वर्षीची फ्रेंच ग्राँ प्री प्रत्यक्षात ल माँच्या छोट्या बुगाटी सर्किटवर झाली होती. ते कुणालाच फारसं आवडलं नव्हतं, म्हणून पपायरसने त्याऐवजी जंगलातून उतारावर धावणारं रुआँ घेतलं. निवड अगदी योग्य होती. त्या काळचं स्पा १४ किलोमीटरचं होतं, शेतांच्या नि घरांच्या कडेने जाणारं, आणि १९६७ मध्ये डॅन गर्नीने तिथली शर्यत ताशी सुमारे २३५ किलोमीटरच्या सरासरीने जिंकली. हे स्पा १९७९ मध्ये कापून निम्मं केलं गेलं. म्हणजे गेम बनत होता तेव्हा या यादीतली काही सर्किट मूळ रूपात कुठे शिल्लकच नव्हती.

गाड्यांची खरी नावं वापरण्याच्या परवान्यांची भानगड इथेही होतीच. लोटस, फेरारी, ब्रॅबम, ईगल आणि बीआरएम आपल्या नावाने आल्या. होंडा आणि कूपर यांच्या जागी मात्र ‘मुरासामा’ आणि ‘कॉव्हेंट्री’ अशी बनावट नावं टाकावी लागली.

टायर नेमकं काय करतो

आता मूळ मुद्दा. गाडी आणि रस्ता यांच्यामध्ये फक्त चार ठिकाणी स्पर्श असतो. वळणं, थांबणं, पळणं, सगळं त्या चार ठिकाणी ठरतं. म्हणून रेसिंग सिम्युलेटर लिहिणं म्हणजे बऱ्याच अंशी टायरचं गणित लिहिणं.

चाक वळवलं की गाडी त्या दिशेने निघाली, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात रबर लवचिक असतं. चाकाचं तोंड एकीकडे असतं आणि चाक जमिनीवरून जातं त्याच्यापासून किंचित वेगळ्या दिशेने. या दोन दिशांमधल्या फरकाला स्लिप अँगल म्हणतात, आणि गाडीला वळणात आत ओढणारा जोर या फरकातूनच येतो. फरक शून्य असेल तर जोरही शून्य. फरक वाढत जातो तसा जोर वाढतो, एका टप्प्यावर कमाल गाठतो आणि त्यानंतर घटू लागतो. शर्यतीत चालवायचं म्हणजे चारही टायर त्या कमाल टप्प्याच्या आसपास ठेवायचे. अलीकडे राहिलात तर तुम्ही हळू आहात. पलीकडे गेलात तर टायर जितका जास्त घसरतो तितका कमी धरतो, आणि गाडी हातातून जाते.

१९६७ च्या टायरमध्ये हा कमाल टप्पा आजच्या रेसिंग टायरपेक्षा मोठ्या कोनावर येत असे. म्हणजे गाडी बरीच तिरकी झाल्यावर ती सगळ्यात जास्त धरायची. न शिकलेल्या डोळ्याला ती घसरतेय असं वाटतं, आणि तो घाबरून चुकीचं काहीतरी करतो.

दुसरी गोष्ट भाराची. काठोकाठ पाणी भरलेलं ताट हातात घेऊन चालताना अचानक थांबलात तर पाणी पुढे येतं, तसा ब्रेक मारला की गाडीचा भार पुढच्या चाकांवर येतो. वेग वाढवला की मागे जातो, वळलं की बाहेरच्या बाजूला. यात एक मेख आहे. टायरवरचा भार दुप्पट झाला म्हणून पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. त्यामुळे भार एका बाजूला गेला की चारही टायरांची मिळून पकड घटते. गाडी धसमुसळेपणाने चालवणारा हळू जातो, यामागचं कारण हे.

तिसरी गोष्ट अशी की टायरकडे पकडीचा साठा एकच असतो. तोच वळायला वापरायचा, तोच ब्रेक मारायला, तोच वेग घ्यायला. वळणात सगळा साठा वळण्यात खर्च होत असताना वरून अ‍ॅक्सिलरेटर दाबला तर मागच्या टायरला ते झेपत नाही.

हे तिन्ही नियम एकत्र कसे येतात ते मोंझाच्या शेवटच्या वळणावर पाहा. पॅराबोलिका हे लांबलचक उजवं वळण, सुरुवातीला घट्ट आणि पुढे उघडत जाणारं. तुम्ही सरळ रस्त्यावरून भरधाव येता, ब्रेक मारता, भार पुढे येतो. ब्रेक सोडत सोडत स्टिअरिंग वळवता. पुढचे टायर भाराखाली असल्याने नाक पटकन आत शिरतं आणि हलकी झालेली मागची बाजू बाहेर जाऊ पाहते. आता अ‍ॅक्सिलरेटर हळूच द्यायचा. त्याने भार मागे येतो, मागचे टायर पुन्हा धरतात. जास्त दिला तर त्यांचा साठा वेगातच संपतो आणि मागची बाजू सुटते. आणि घाबरून पाय एकदम उचलला तर सगळ्यात वाईट: भार झटक्यात पुढे, मागची चाकं हलकी, त्यात इंजिनाचा ब्रेकही मागच्याच चाकांवर. गाडी गरकन फिरते. भीती वाटली की पाय उचलायचा, ही माणसाची उपजत सवय, आणि या गाडीत तीच घात करते. नवा खेळाडू पहिल्या तासाभरात अगदी हेच पुन्हा पुन्हा करतो.

सेकंदाला २८८ हिशेब

हे सगळे नियम पुस्तकांत होतेच. गेमची करामत ते सगळे एकाच वेळी, चारही चाकांसाठी, खेळ चालू असताना मोजण्यात होती. पडद्यावर चित्र सेकंदाला जास्तीत जास्त ३६ वेळा बदलायचं, पण आत गाडीचा हिशेब सेकंदाला २८८ वेळा व्हायचा. प्रत्येक चित्रामागे आठ हिशेब.

एवढ्या घाईची गरज काय? ताशी २५० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे ६९ मीटर कापते. हिशेब सेकंदाला ३६ वेळाच केला तर दोन हिशेबांच्या मध्ये गाडी जवळपास दोन मीटर पुढे गेलेली असेल, आणि मधला उंचवटा तिला कळणारच नाही. २८८ वेळा केला तर हे अंतर २४ सेंटिमीटरवर येतं. त्याहून मोठं कारण गणिताच्या पोटातलं आहे. टायर आणि सस्पेन्शन म्हणजे ताठ स्प्रिंग. असा स्प्रिंग फार मोठ्या टप्प्यांनी मोजला तर प्रत्येक टप्प्याला तो गरजेपेक्षा जास्त ढकलतो, पुढच्या टप्प्याला त्याहून जास्त उलटा ढकलतो, आणि काही क्षणांत चाक आकाशात उडालेलं असतं. टप्पे बारीक ठेवले तरच गणित शांत राहतं. १९९८ च्या घरगुती संगणकावर, वीसएक गाड्यांच्या शर्यतीत, हे साधणं मला आजही थक्क करतं.

इतकं खोल गणित असल्यामुळे गाडीची जुळणीही खरी झाली. स्प्रिंग, त्यांचे हेलकावे आवरणारे डँपर, टायरमधली हवा यांच्या जोडीला डिफरन्शियलसुद्धा, म्हणजे वळताना दोन्ही मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भागही, बदलता येत असे. त्यात दोन कोन असायचे, एक अ‍ॅक्सिलरेटर दाबलेला असतानाचा, दुसरा सोडलेला असतानाचा. कोन जितका लहान तितकी दोन्ही मागची चाकं एकमेकांना घट्ट बांधली जातात. ८५/३० अशी जोडी लावली की ताकद देताना मागची चाकं बऱ्यापैकी मोकळी फिरतात, पण पाय उचलला की एकमेकांना धरून ठेवतात आणि मागची बाजू लगेच सुटत नाही. वर सांगितलेली पाय उचलण्याची चूक या एका आकड्याने बरीच सुसह्य होते. पण हे कळायला डिफरन्शियल म्हणजे काय ते आधी माहीत हवं, आणि दुकानातून गेमचा खोका घेऊन घरी आलेल्या किती जणांना ते माहीत असणार?

मग लोक का गेले

खरा ड्रायव्हर मागची बाजू सुटायला लागल्याचं डोळ्यांनी पाहत नाही. त्याला ते पाठीला आणि कंबरेला कळतं, आतल्या कानाला कळतं, हातातलं स्टिअरिंग हलकं पडल्यावर कळतं. डोळ्यांना दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. गेमच्या खेळाडूकडे होते फक्त डोळे आणि कान. टायर किंचाळण्याचा आवाज त्यातल्या त्यात कामाचा. स्टिअरिंगमधून हाताला जोर जाणवून देणारी फोर्स फीडबॅकची सोय गेम आला तेव्हा त्यात नव्हतीच, ती नंतर पॅचमधून, म्हणजे गेममध्ये मागाहून घातलेल्या दुरुस्तीतून आली. त्यात पुष्कळ घरांत तेव्हा स्टिअरिंग आणि पेडल नव्हतेच, होती जॉयस्टिक. चारशे अश्वशक्तीची बिनपंखांची गाडी जॉयस्टिकवर धरायची म्हणजे शिक्षाच.

‘बर्फावर चालवल्यासारखं वाटतं’ ही त्या काळची नेहमीची तक्रार. तक्रार करणाऱ्यांना मी दोष देणार नाही. गाडी घसरतेय हे त्यांना उशिरा कळत होतं, आणि उशिरा कळलेलं घसरणं कुठल्याही रस्त्यावर बर्फासारखंच वाटतं. शिवाय पपायरसचं टायरचं गणितही परिपूर्ण नव्हतं. कमाल टप्प्याच्या पलीकडे टायर नेमका किती आणि कसा सोडतो, याची मोजमापं मिळवणं अवघडच, आणि तीस वर्षांपूर्वीच्या टायरची तर फारच.

पपायरसने नवख्यांचा विचारच केला नव्हता असंही नाही. कमी ताकदीच्या दोन शिकाऊ गाड्या दिल्या होत्या, ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर सांभाळणारी मदत होती. पण खोक्यावर लोटस आणि फेरारी पाहून गेम घेतलेला माणूस शिकाऊ गाडीत कशाला बसेल? तो थेट लोटसमध्ये बसायचा आणि पहिल्या वळणावर कठड्यावर आदळायचा. त्यात संगणकही दमदार लागायचा. चित्र नीट पळायला थ्रीडीएफएक्स किंवा रेंडिशनचं ग्राफिक्स कार्ड हवं, नाहीतर भरगच्च शर्यतीत चित्र अडखळायचं. आणि चित्र अडखळलं की उरलेसुरले डोळेही गेले. विषयही विक्रीच्या आड आला. अमेरिकेतल्या तरुण गिऱ्हाइकाला १९६७ च्या युरोपीय शर्यतींचं काय कौतुक असणार?

समीक्षकांना मात्र गेमशी झगडत बसायला वेळ होता, तो त्यांचा धंदाच. ज्यांनी पहिला आठवडा काढला त्यांना अचानक एका लॅपमध्ये गाडी उमगायची, आणि मग त्यांच्या लेखात कौतुकाला अंत नसायचा. गेमची स्तुती आणि गेमची विक्री यांच्यातली दरी मला या एका आठवड्याचीच वाटते.

राहिले त्यांनी काय केलं

जे राहिले ते वर्षानुवर्षं राहिले. ‘व्हीआरओसी’ नावाच्या सोयीतून ते इंटरनेटवर एकमेकांशी शर्यती लावू लागले. ‘जीपीएल रँक’ने अकराही सर्किटवरच्या तुमच्या सर्वोत्तम वेळा ठरावीक वेळांशी ताडून एक आकडा काढायला सुरुवात केली. तो शून्याखाली गेला, म्हणजे ऋण झाला, की खेळाडूची कॉलर ताठ. न्यूरबर्गरिंगच्या जवळपास २३ किलोमीटरवर क्लार्कने १९६७ मध्ये पोल, म्हणजे शर्यत सगळ्यात पुढून सुरू करण्याचा मान, मिळवला तो ८ मिनिटं ४.१ सेकंदांत. गेममधले तरबेज खेळाडू आठ मिनिटांच्या आत येऊ लागले. म्हणून ते क्लार्कपेक्षा श्रेष्ठ ठरत नाहीत. त्यांना हवे तितके लॅप मारता येत होते आणि आदळल्यावर एक कळ दाबली की गाडी पुन्हा धडधाकट व्हायची. क्लार्कच्या त्याच वर्षी मोनॅकोला ड्रायव्हर लोरेन्झो बँडिनी जळत्या गाडीत सापडला आणि तीन दिवसांनी वारला. क्लार्क स्वतः पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये हॉकेनहाइमच्या शर्यतीत मारला गेला. गेममध्ये गवताच्या पेंढ्या, झाडं, घरांच्या भिंती रस्त्याला खेटून उभ्या आहेत, त्या पाहताना हे विसरता येत नाही.

चाहत्यांनी गेम उघडून त्यात नवे हंगाम बसवले, १९५५ आणि १९६५ च्या गाड्याही आणल्या. शेकडो सर्किट बनवली, त्यात सिसिलीच्या डोंगरातला ७२ किलोमीटरचा टार्गा फ्लोरिओही आहे. ३६ चित्रांची मर्यादाही त्यांनीच पुढे ६० वर नेली. कुणालाही यासाठी पगार नव्हता.

पपायरसने तोच पाया सुधारून ‘नॅसकार रेसिंग ४’ आणि २००३ पर्यंतचे पुढचे गेम बांधले. मग नॅसकारचा परवाना एकट्या इलेक्ट्रॉनिक आर्ट्सकडे गेला आणि स्टुडिओ बंद पडला. केमरने २००४ मध्ये उद्योजक जॉन हेन्री यांच्याबरोबर नवी कंपनी काढली, तिचा ‘आयरेसिंग’ २००८ मध्ये सुरू झाला. सर्किट आता लेझरने मोजून घेतात, गाडीचा हिशेब सेकंदाला ३६० वेळा होतो, आणि हाताला जोर देणारं स्टिअरिंग हे खेळाडूचं पहिलं साधन आहे, म्हणजे १९९८ मध्ये जे पोचत नव्हतं त्यातलं बरंचसं आता पोचतं. लोटस ४९ तिथेही आहे. टायर मात्र केमरच्या डोक्यातून गेलेला नाही. २०११ मध्ये आयरेसिंगने टायरचं गणित मुळापासून नवं लिहिलं, आणि त्यानंतरही ते पुन्हा पुन्हा दुरुस्त होत आलं आहे.